झाकणाची कामं

गुलमर्गला गेलेल्या मराठी पर्यटकांना स्नोमोबाइल ओळखीची असते: पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा आणि पैसे भरून मारायची एक छोटी फेरी. कॅनडाच्या पश्चिमेला हीच गाडी वेगळ्या कामाला लागते. ब्रिटिश कोलंबियातल्या रेव्हलस्टोकसारख्या गावांभोवतीच्या डोंगरांत हिवाळाभर भुसभुशीत बर्फ साचत राहतो. हौशी मंडळी कमरेएवढ्या बर्फातून उभ्या चढणी चढायला हलक्या, लांब पट्ट्याच्या गाड्या घेऊन तिथे येतात. त्यांच्यातले काही जण एक उद्योग करतात. इंजिनावरचं कारखान्याचं हुड काढून टाकतात, ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा बांधतात, त्यावर जाळी ताणतात आणि हे घरगुती हुड बसवून डोंगरात जातात.

या उद्योगात शहाणपण किती आणि हौस किती, हे तपासायला दोन माणसं कल्पू या. भाची कॅल्गरीत राहते. तिथून रेव्हलस्टोक चारेकशे किलोमीटरवर. तिच्याकडे आठशे सीसीची जुनी, कार्ब्युरेटरवाली टू-स्ट्रोक गाडी आहे आणि गाडीचं हुड झाडावर आदळून तडकलेलं आहे. मामांची सगळी नोकरी पुण्यात, दुचाकींच्या इंजिनांच्या चाचण्या घेण्यात गेली. निवृत्तीनंतर ते हिवाळ्यात भाचीकडे आले आहेत आणि थंडीला शिव्या देत तिच्या गॅरेजमध्ये बसले आहेत. नळ्या येऊन पडल्या आहेत, जाळी अजून घ्यायची आहे.

भाची: एवढ्या जुन्या गाडीचं हुड आता कोण बनवणार? जुन्या बाजारातून आणायचं तर तेही कुठेतरी तडकलेलंच निघेल. त्यापेक्षा हे बघ, मामा. अर्धा इंची नळी, भिंत १.६५ मिलिमीटर. मीटरला दीडशे ग्रॅमच्या जरा वर. सहा मीटर लागेल, म्हणजे सांगाडा किलोच्या आत.

मामा: जाळी कसली घेणार?

भाची: स्टेनलेस. अर्ध्या मिलिमीटरची तार, दीड मिलिमीटरची भोकं.

मामा: म्हणजे चौरस मीटरला दीड किलो. सांगाड्यापेक्षा जाळीच जड झाली.

भाची: ॲल्युमिनियमची घेतली तर अर्ध्या किलोत भागेल.

मामा: भागेल, पण गाडी सव्वादोनशे किलोची. वर टाकीत चाळीस लिटर पेट्रोल, त्याचे तीस किलो. वजनासाठीच जीव काढायचा असेल तर टाकी अर्धी भर. एकही नळी न कापता पंधरा किलो वाचतील.

भाची: अर्ध्या टाकीवर डोंगरात गेलेला माणूस दुसऱ्याच्या गाडीला दोर बांधून परत येतो. शिवाय किती किलो एवढाच प्रश्न नसतो, ते कुठे आहेत हेही बघायचं. उतारावरून आडवं जाताना गाडी एका कुशीवर कलवून, एकाच स्कीवर तोलून न्यावी लागते. हुड, दिवा, काच, डायलचा खोका हे सगळं पुढे आणि वर बसलेलं असतं. तिथलं वजन मनगटाला लगेच कळतं.

मामा: हे पटलं. तरी दोन-तीन किलोंसाठी कुणी एवढा खटाटोप करत नाही. खरं कारण काय?

भाची: उष्णता. हुडखाली भट्टी असते. टू-स्ट्रोकचा फुगीर एक्झॉस्ट पाइप इंजिनासमोरून वळसा घेऊन उजवीकडच्या सायलेन्सरला मिळतो. सिलिंडरमधून बाहेर पडणारा वायू जोर लावताना सहाशे अंशांवर असतो. हे सगळं प्लास्टिकच्या बंद डब्यात.

मामा: इंजिन पाण्यानं थंड होतं ना? मग रेडिएटर दाखव.

भाची: समोर नाहीच. सीटखालचा जो बोगदा आहे, ज्यात पट्टा फिरतो, त्याच्या छतालाच उष्णता काढणाऱ्या पन्हळी आहेत. पट्टा बर्फ उडवतो, तो त्यांवर आदळून वितळतो आणि कूलंट थंड होतं. म्हणून तर नुसत्या कडक बर्फावर, जिथे उडायला काही नसतं, तिथे या गाड्या तापतात.

मामा: मग उत्तर तूच दिलंस. हुडाला जाळी लावलीस म्हणून कूलंटची सुई हलणार नाही. इंजिन थंड करायची सोय मागे आहे, पुढे नाही.

भाची: मी इंजिनासाठी करतच नाहीये. बेल्टसाठी करतेय. डावीकडे बघ. गिअरलेस स्कूटरमध्ये असतो तसाच व्हेरिएटर, फक्त दीडशे घोड्यांच्या आसपासची ताकद ओढणारा. पुली उघडते-मिटते, रबराचा बेल्ट वर-खाली सरकतो. खोल बर्फात वेग कमी आणि जोर पूर्ण असतो, तेव्हा बेल्ट घसरून तापतो. तापला की रबर कडक होतं, कडक झालं की आणखी घसरतं, आणि शेवटी चिंध्या. त्या डब्यातली हवा थंड राहिली तर बेल्टचं आयुष्य वाढेल. यात चूक काय आहे?

मामा: हेतूत काही चूक नाही. गृहीतक मात्र तपासायला हवं. उघडं केलं की हवा खेळेल, असं तू धरून चालली आहेस. चेतक स्कूटर आठवते? तुझ्या बाबांची होती. तिच्या इंजिनावर दोन झाकणं होती. बाहेरचा फुगीर पत्रा दिसण्यापुरता आणि कपडे वाचवण्यापुरता. तो काढून स्कूटर महिनोन्‌महिने चालवली तरी काही बिघडत नसे. आतलं झाकण सिलिंडरच्या पंखांभोवती बसवलेलं. फ्लायव्हीलचा पंखा वारा ढकलायचा आणि ते झाकण तो वारा पंखांमधून न्यायचं. ते काढलं की सिलिंडर उघडा, चहूकडे मोकळी हवा, आणि इंजिन तापून जाम. आता सांग, तुझं हुड या दोन्हींपैकी कुठलं?

भाची: माझ्या हुडात पंखा नाही.

मामा: गाडीचा वेग हाच पंखा. हुडाच्या नाकावरून हवा वर वळते, तिथे बाहेरचा दाब कमी होतो. काचेच्या पायथ्याशी ती अडते, तिथे दाब वाढतो. कमी दाबाच्या जागी भोक असेल तर आतली गरम हवा आपोआप ओढली जाते. जास्त दाबाच्या जागी असेल तर बाहेरची आत घुसते. दोन्ही योग्य जागी असली की आतून एक वाहता झोत तयार होतो. पूर्ण हुड जाळीचं केलंस तर समोरून आलेली हवा लगेच वरून निघून जाईल आणि डावीकडच्या खोबणीतल्या बेल्टपर्यंत पोचणारही नाही. उघडेपणा वेगळा आणि प्रवाह वेगळा.

भाची: हे पन्नासच्या वेगानं जाणाऱ्या गाडीला लागू. मी चढणीवर बर्फात रुतून उभी राहते तेव्हा वेग शून्य असतो. फावड्यानं गाडी मोकळी करायला अर्धा तास. इंजिन बंद, पण पाइपची सगळी उष्णता डब्यात कोंडलेली. त्या वेळी गरम हवा वर जाते एवढा एकच नियम उरतो, आणि वर जाळी असेल तर ती निघून जाते. कारखान्यानं हुडाची आखणी करताना मी रुतेन हे धरलं होतं का?

मामा: धरलं असेल, पण तू जितक्या वेळा रुततेस तितक्या वेळा नसेल.

मामांच्या या उत्तरात वादाचं मूळ आहे. कारखाना एकच हुड हजारो लोकांसाठी बनवतो. मिनेसोटाच्या सपाट वाटांवर रोज जाणारा, मिशिगनच्या गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला निघालेला आणि रेव्हलस्टोकच्या चढणीवर रुतलेला, असे सगळे त्याला एकाच साच्यात बसवायचे असतात. घरी बनवणाऱ्याला एकाच माणसाचा विचार करायचा असतो. ही त्याची मोठी सोय. धोकाही त्यातच आहे, कारण साच्याबरोबर सगळ्यांचा मिळून केलेला विचारही तो नकळत फेकून देतो.

मामा: बरं, गरम हवा वर गेली. त्याच भोकांतून खाली काय येतं? पावडर. तुझी दीड मिलिमीटरची जाळी ५६ टक्के उघडी आहे. बर्फाची धूळ त्यातून सरळ आत येणार, पाइपवर पडून वाफ होणार, ती वाफ थंड भागांवर बसून पुन्हा गोठणार. थ्रॉटलच्या केबलवर गोठली तर?

भाची: थ्रॉटल उघडाच राहील. म्हणून कमरेला दोरी असते. मी पडले की दोरी निघते आणि इंजिन बंद होतं.

मामा: दोरी तू पडल्यावर उपयोगी. पडायला नको म्हणून काय करणार?

भाची: बारीक जाळी. अर्ध्या मिलिमीटरचं भोक, पाव मिलिमीटरची तार.

मामा: ४४ टक्के उघडी. वारा कमी जाणार, बारीक धूळ तरीही जाणार, आणि जी अडेल ती जाळीवर चिकटून तिचं पत्र्यात रूपांतर करणार. मोठ्या भोकात बर्फ आत, छोट्या भोकात हवा बाहेर नाही.

भाची: त्यावर उपाय आहे. पाणी झटकणारं, पण हवा जाऊ देणारं कापड मिळतं. हिवाळी गाड्यांच्या झरोक्यांवर लोक ते लावतात. बर्फ त्यावर धरत नाही, गाडीच्या थरथरीनं झडून जातो. जाळी आधाराला, कापड वरून. मात्र पाइपच्या अगदी वर तो भाग ठेवायचा नाही. नायलॉन सव्वादोनशे अंशांच्या पुढे वितळतं, आणि खिडक्यांची जाळी तर त्याच्या किती तरी आधी मऊ पडते. पाइपवर धातूच हवा आणि मध्ये उष्णतेचा पडदा हवा.

मामा: स्टेनलेसची जाळी ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर थेट रिव्हेट करू नकोस. तू गाडी ट्रेलरवर चढवून मीठ टाकलेल्या रस्त्यावरून नेतेस. मीठ, पाणी आणि दोन वेगळे धातू एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजायला लागतं. मध्ये रबराची पट्टी घाल.

भाची: बघ, तू आता विरोध करता करता डिझाइन करायला लागलास.

मामा: सवय आहे. नळ्या जोडणार कशा? आर्गन वेल्डिंग?

भाची: तसाच विचार होता.

मामा: नळ्यांच्या मिश्रधातूचा टेम्पर, म्हणजे कमावलेली कडकता, वेल्डजवळ उतरतो. ताकद जवळपास निम्म्यावर येते. टू-स्ट्रोकची थरथर तिथेच तडा पाडेल. शक्य तिथे नळी वाकव, जोड कमी ठेव. जिथे जोडायचंच तिथे त्रिकोणी पट्टी देऊन रिव्हेट कर आणि पूर्ण सांगाडा रबराच्या बुशांवर बसव. आता मला ज्याची खरी भीती वाटते ते विचारतो. कार्ब्युरेटर हवा कुठून घेतो?

भाची: एअरबॉक्समधून. एअरबॉक्स हुडाच्या आतली हवा घेतो.

मामा: म्हणजे गरम झालेली. बाहेर उणे वीस असताना आत अधिक दहा धर. मूळ हुड आहे तोवर पेट्रोल सोडणारे जेट त्या हवेला जुळवलेले. तू जाळी लावलीस, आत थेट उणे वीसची हवा आली. ती बारा टक्के दाट असते. कार्ब्युरेटरला तापमान कळत नाही. हवा दाट झाली म्हणून तो पेट्रोल त्या प्रमाणात वाढवत नाही. मिश्रण विरळ होतं, पिस्टनचा माथा तापतो आणि चढणीच्या मध्यावर पिस्टनला भोक पडतं. बेल्ट वाचवायला गेलीस आणि इंजिन गेलं. तुमच्या नव्या इंजेक्शनवाल्या गाड्यांना हवेच्या तापमानाचा सेन्सर असतो, त्या सावरून घेतात. ही सावरणार नाही.

भाची: (जरा थांबून) हे मी धरलं नव्हतं. पण यातून जाळी रद्द होत नाही. एअरबॉक्सचं तोंड हुडापासून वेगळं करायचं. बाहेरून स्वतंत्र नळकांडं, त्याला गाळणी, आणि थंड हवेला जुळणारे मोठे जेट. थंड, दाट हवा म्हणजे ताकदही जास्त. दोन हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या ऐंशी टक्क्यांवर आलेली असते. तिथे मिळेल तेवढी दाट हवा मला हवीच आहे.

मामा: हे मात्र जाळीच्या आधी करायचं. जुन्याच हुडावर.

भाची: मामा, एक सांगू? तू प्रत्येक वेळी कारखान्याच्या बाजूनं बोलतोस, पण ही गाडी कारखान्यातून आलेलीच नाही. विस्कॉन्सिनमधल्या सेनर गावात कार्ल एलियासन यांनी १९२४ साली पहिली मोटर टोबॉगन बनवली ती बोटीचं छोटं इंजिन, सायकलचे सुटे भाग आणि फोर्डच्या मॉडेल टीचा रेडिएटर वापरून. मिनेसोटातल्या रोझो गावात पोलारिसच्या लोकांनी पन्नाशीच्या दशकात पहिली गाडी केली तेव्हा धान्य वाहून नेणारा पट्टा लावला आणि मोटारीच्या बंपरपासून स्की केल्या. हे सगळं गॅरेजमधलंच काम. त्या वेळी तुझ्यासारखा कुणी विचारत बसला असता तर स्नोमोबाइल झालीच नसती.

मामा: मग बोंबार्डिएचं नाव का वगळलंस? तो तर तुमच्या कॅनडाचा.

भाची: तोही गॅरेजवालाच. क्विबेकमधल्या व्हालकूर गावचा. १९३४ च्या हिवाळ्यात बर्फानं रस्ते बंद झाल्यामुळे त्याचा लहान मुलगा वेळेवर इस्पितळात पोचला नाही आणि गेला. त्यानंतर तीन वर्षांत त्यानं दातेरी चाक आणि पट्ट्याच्या यंत्रणेचं पेटंट घेतलं.

मामा: आणि त्या यंत्रणेवर पहिल्यांदा काय विकलं? बी-सेव्हन. सात माणसं बसतील अशी बंद खोली असलेली गाडी. पुढे बारा माणसांची आली, तीही बंद. उघडी, एक-दोघांनी स्वार व्हायची स्की-डू आली १९५९ साली. ज्याचं मूल बर्फामुळे गेलं त्यानं आधी छप्पर बांधलं, कारण त्याला रोगी न्यायचे होते, मुलं शाळेत न्यायची होती. तू सांगितलेले सगळे गॅरेजवालेच होते, मान्य. पण त्यांनी आधी ठरवलं की गाडीनं कोणतं काम करायचं, आणि मग सामान जमवलं. मोटारीचा बंपर घरात पडला होता म्हणून त्यांनी गाडी केली नाही. तुझ्या नळ्या आधी आल्या.

भाची: नळ्या आधी आल्या कारण हुड आधी फुटलं! बरं, मग कामांची यादी करू. हुड कोणकोणती कामं करतं? बर्फ बाहेर ठेवतं. हवेला दिशा देतं. कार्ब्युरेटरची हवा सांभाळतं. दिवा, काच आणि डायल धरून ठेवतं.

मामा: आणखी दोन आहेत. त्या व्हेरिएटरची, म्हणजे क्लचची, पुली मिनिटाला आठ हजार फेरे घेते. साडेसहा इंच व्यासावर बेल्ट धावतो असं धर, म्हणजे सेकंदाला जवळपास सत्तर मीटर, ताशी अडीचशे किलोमीटर. तो तुटला तर तुकडे कुठे जातात?

भाची: क्लचवर वेगळं लोखंडी आवरण आहे. ते मी काढणार नाही.

मामा: ते पहिलं आवरण. हुड हे दुसरं. त्या बाजूला जाळी म्हणजे तुकड्यांना अडवायला अर्ध्या मिलिमीटरची तार. आणि तुझ्या शेजारी फावडं घेऊन मदतीला आलेला मित्र उभा असतो.

भाची: डावी बाजू पत्र्याचीच ठेवू. शेवटचं काम?

मामा: आवाज.

भाची: डोंगरात कोण ऐकायला आहे?

मामा: साठच्या दशकातल्या गाड्या पन्नास फुटांवर शंभर डेसिबलपर्यंत ओरडायच्या. १९७५ च्या फेब्रुवारीपासून उत्तर अमेरिकेतल्या उत्पादकांनी तेवढ्याच अंतरावर, पूर्ण थ्रॉटलला ७८ डेसिबलची मर्यादा पाळली आहे. फक्त सायलेन्सरनं ते साधलं नाही. इंजिनाची खडखड, बेल्टची शीळ, हवा ओढण्याचा घरघराट हे सगळं हुड आणि त्याच्या आतला फोम गिळतो. जाळी काहीच गिळत नाही. डोंगरात कोणी नसेल, पण ट्रेलरवरून गाडी उतरवतेस ते गावाजवळ. तिथून डोंगराच्या पायथ्यापर्यंत काय असतं?

भाची: कुणाची तरी घरं. आणि रेव्हलस्टोकच्या आसपास काही डोंगर कॅरिबूंसाठी आम्हाला बंद असतात. पूर्वेकडच्या प्रांतांत तर वाटा खासगी शेतांतून जातात. मालक वैतागला की वाट बंद. एकाच्या आवाजामुळे सगळ्यांची वाट जाते, हे मला माहीत आहे. पण कोणी मला थांबवून माझं हुड मोजायला येणार नाही.

मामा: म्हणूनच मी विचारतोय. मोजायला येणार असते तर विचारायची गरज नव्हती.

भाचीनं पाठकोऱ्या कागदावर सहा कामं लिहिली आणि प्रत्येकासमोर एक खूण केली. बर्फ, हवेची दिशा, कार्ब्युरेटर आणि दिवा-काच ही चार कामं बिघडली तर नुकसान तिचं: गाडी बंद पडेल, पिस्टन जाईल, पैसे जातील. बेल्टचे तुकडे आणि आवाज ही दोन कामं बिघडली तर दुसऱ्याचं. पहिल्या चार ओळींवर ती हवे ते प्रयोग करू शकते, कारण बिल तिच्याच नावावर येणार. शेवटच्या दोन ओळींवर तिला कारखान्यापेक्षा चांगलं करण्याची मुभा आहे, कमी करण्याची नाही. गाडी कुणाच्या मालकीची, यानं या दोन ओळींना फरक पडत नाही.

मामा: यादी ठीक झाली. आता हिशेब बघ. डावी बाजू पत्र्याची. पाइपवर पडदा. आवाजासाठी आतून फोम, तोही आग न धरणारा. हवेसाठी स्वतंत्र नळकांडं. जाळी उरली ती नाकावर आणि माथ्यावर, दोन खिडक्यांपुरती. वजनाचा फायदा बहुतेक संपला. मग तडकलेलं प्लास्टिकच शिवून घे, त्यात दोन खिडक्या काप आणि मोकळी हो. सांगाडा कशाला?

भाची: खिडक्या कुठे कापू?

मामा: मघाशी सांगितलं ना. कमी दाबाची जागा बघून.

भाची: ती जागा या हुडावर नेमकी कुठे आहे?

मामा: (हसत) ते चाचणी घेतल्याशिवाय सांगता येणार नाही. हुडावर लोकरीच्या धाग्याचे तुकडे चिकटव, मागून दुसऱ्या गाडीवरून कोणीतरी चित्रण करू दे. धागे कुठे चिकटून वाहतात, कुठे फडफडतात, कुठे उचलले जातात, ते दिसेल.

भाची: आणि ती जागा उणे वीसच्या पावडरीत वेगळी निघाली, मार्चच्या ओल्या बर्फात वेगळी निघाली तर? प्लास्टिक एकदा कापलं की कापलं. सांगाडा असेल तर मी पत्र्याचा एक तुकडा इथून काढून तिथे लावू शकते. थंडीत माथा निम्मा झाकीन, वसंतात उघडीन. झाडावर आदळलं तर वाकलेली नळी जागेवरच सरळ करून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधीन आणि घरी येईन. कारखान्याला साचा पाडायच्या आधी सगळं ठरवावं लागतं, कारण साचा बदलणं परवडत नाही. मला आधी ठरवायची सक्ती नाही. मामा, माझं हुड कारखान्यापेक्षा शहाणं असेल असं मी म्हणतच नाही. ते चुकलं तर दुसऱ्या दिवशी बदलता येईल एवढंच म्हणतेय.

मामा: हे आधी का नाही सांगितलंस? वजन आणि उष्णता काय घेऊन बसली होतीस! चाचणीसाठी असा सुटा सांगाडा आम्ही नोकरीत स्वतःच करून घ्यायचो. विकायच्या वस्तूत तो चालत नाही, शिकायच्या वस्तूत त्याशिवाय चालत नाही.

भाची: म्हणजे हो?

मामा: मी स्वतः केलं नसतं. मला जुनं हुड शोधणं सोपं वाटतं आणि रुतून बसायची हौसही नाही. पण तू करणार असशील तर चाचणीच्या शिस्तीनं कर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी नळकांडं आणि जेट, जुन्याच हुडावर. स्पार्क प्लगचा रंग बघ, एक्झॉस्टचं तापमान मोज. ते स्थिरावलं की मग सांगाडा, सगळा पत्र्यानं झाकलेला. मग एक खिडकी. बेल्टच्या खोबणीत तापमानाचा सेन्सर, पाइपजवळ दुसरा. जाळी आणि जेट एकाच दिवशी बदललेस तर काय कशामुळे झालं ते कधीच कळायचं नाही.

भाची: आणि आवाज? तोही प्रत्येक पायरीला मोजायचा?

मामा: मोजायचा, पण प्रयोग म्हणून नाही. बाकीचे आकडे वर-खाली होऊ देत. हा मूळ हुडापेक्षा वर गेला की ती पायरी रद्द, मग बेल्ट कितीही थंड राहिला तरी.

भाची: मूळ हुड तर फुटलेलं आहे. तुलना कशाशी करू?

मामा: त्याला आतून पट्टी लावून टेपनं बंद कर, एक दिवस टिकलं तरी पुरे. आधी त्याचा आवाज घे. पन्नास फूट, पूर्ण थ्रॉटल, दोन्ही बाजूंनी. तो आकडा कागदावर आल्याशिवाय नळीला कटर लावायचा नाही.